काचेतला दरबार आणि कमरेचा झाडू

मी शिपाई. पुण्यातल्या एका मोठ्या कचेरीत. कुठल्या ते विचारू नका, पोरं अजून शिकतायत. साहेबाच्या खोलीत काचेत एक दरबार टांगलाय. अकरा वर्षं ती काच मी पुसली. परदेशी पाहुणे आले की साहेब त्यांना तिथं उभं करतो, ‘हे आमचं वैभव’ म्हणतो, नि जाताना त्याच चित्राची धाकटी नक्कल भेट देतो. फोटो निघतात. मी कप उचलतो.

तर दोस्तहो, या वैभवाची कुंडली मांडतो.

1790 साली टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम नि पेशवे एक झाले. पुण्यातला इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. गादीवर सवाई माधवराव, सोळा वर्षांचं पोर. कारभार नाना फडणविसाचा. नावाचा धनी छत्रपती, तो साताऱ्यात पडलेला. कंपनीच्या नोकरांनी नजराणे घ्यायचे नाहीत असा कायदा विलायतेत 1773 लाच झाला होता. मग राजाच्या तसबिरीला नजराण्याचा मान आला. तू माझी काढून घे, मी तुझी लावतो. दोघांचीही इभ्रत वाढते, वर लाचही दिसत नाही!

मॅलेटच्या आश्रयानं जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चितारी पुण्यात आला. पेशवा, नाना, महादजी शिंदे, सगळ्यांच्या तसबिरी त्यानं काढल्या. 1795 ला तो मेला. त्याच्या कच्च्या कामावरून थॉमस डॅनियलनं विलायतेत तहाच्या दरबाराचं मोठं तैलचित्र केलं, 1805 साली. 1807 ला चार्ल्स टर्नरनं ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवलं नि छापा निघाल्या. तैलचित्र एका भिंतीवर राहतं. छाप दहा घरी जाते.

आता मेख बघा. चित्राच्या नावात पहिला मान मॅलेटचा. तह करतोय तो मॅलेट, पेशवा त्याच्या पराक्रमाची आरास. छाप निघाली तेव्हा 1802 चा वसईचा तह पेशवाईच्या गळ्यात पडून पाच वर्षं झाली होती. नि 1818 ला तर राज्यच गेलं. म्हंजे ही इंग्रज वकिलाची बढाई. तिलाच आमचे साहेब आपलं वैभव म्हणून मिरवतात. गोऱ्यानं मारलेली थाप, ती पुन्हा गोऱ्यालाच भेट!

या छापेची रीत मी एका जाणत्याकडून ऐकली. पत्रा आधी दातेरी हत्यारानं सगळा खडबडीत करायचा. शाई लावून तसाच छापला तर निव्वळ काळा. मग जिथं उजेड हवा तिथं खरवडायचं, घोटायचं. मॅलेटच्या तोंडावर उजेड, पेशव्याच्या तोंडावर उजेड. कुणाला उजेडात घ्यायचं ते खरवडणाऱ्याच्या हातात.

आणि त्याच पुण्यात माझा पूर्वज कुठं होता? बाबासाहेबांनी 1936 साली लिहून ठेवलंय. पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्याच्या कमरेला झाडू, पाऊल पुसायला. गळ्यात मडकं, थुंकायला. त्याची तसबीर कुठला वकील काढणार? त्याच्याशी तह करून कुणाला काय मिळणार होतं?

एकदा पाहुणे गेल्यावर मी विचारलं, “साहेब, आपलं वैभव म्हंजे कुणाचं?”

“जात काढू नकोस रे. कला बघ.”

“कला बघूनच विचारतो. हिच्याखाली एक झाडू नि मडकं टांगा. मग चित्र पुरं होईल.”

आठवड्यात माझी बदली रेकॉर्डच्या खोलीत.

माझ्या आईनं सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरनं बाबासाहेबांचं एक चित्र आणलं होतं. पत्र्याच्या भिंतीला खळीनं चिकटवलेलं. कुण्या राजानं धाडलेलं नव्हतं. मजुरीच्या पैशातनं आणलेलं होतं. त्याच्यापुढं बसून मी अक्षरं गिरवली. पण आज आपलेच काही पुढारी तेच चित्र चांदीच्या फ्रेममध्ये घालून मंत्र्याला देतात, नि देतानाचा फोटो आपल्या बैठकीत लावतात. अरे, मग मॅलेट नि तुम्ही, फरक काय राहिला? बाबांचा नजराणा करू नका!

दरबाराची काच आता नवा पोरगा पुसतो. तोही आपल्याच वस्तीतला. हा अंक पहिल्यांदा त्याच्या हातात देणार आहे.