हलकी म्हणून हिणवू नका



प्यावे की पिऊ नये, हा वाद आम्ही येथे घालत नाही. आम्ही बोलतो आहोत दामाविषयी.

इटलीत उन्हाळ्यात थंड करून प्यायच्या हलक्या तांबड्या वाइन होतात. गार्दा सरोवराकाठची बार्दोलिनो, मोदेना आणि रेज्जो एमिलिया भागातली फेसाळ लांब्रुस्को. शहरी जाणकार त्यांना नाक मुरडतात. वाइन म्हणजे बारोलोसारखी भारदस्त, मुरवलेली हवी म्हणे!

आमचा सवाल आहे, मुरवण्याची ऐपत कोणाची? बारोलो सुगीनंतर तीन वर्षांहून अधिक काळ कायद्यानेच विकता येत नाही. तेवढे दिवस पैसा अडकवणे भांडवलवाल्याला परवडते. बार्दोलिनोच्या रसात साली थोडेच दिवस ठेवतात, म्हणून रंग फिका आणि तुरटपणा कमी. पुढच्या उन्हाळ्याआधी बाटली विकायला तयार. ज्याला माल घरात ठेवून भावाची वाट पाहता येत नाही, त्याची ही वाइन आहे. हलकेपणा हा तिचा दोष नाही, तो तिचा गुण आहे.

१९५० साली रेज्जो एमिलियातल्या सहकारी वाइनरी एकत्र आल्या आणि 'कान्तिने रिउनिते' उभी राहिली. द्राक्षे व्यापाऱ्याच्या दारात ओतून मोकळे होण्याऐवजी उत्पादकांनी बाटली स्वतः भरली. १९८० च्या दशकात अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारी आयात वाइन त्यांचीच लांब्रुस्को होती.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोड, स्वस्त माल इतका ओतला गेला की लांब्रुस्को म्हणजे हलका माल, असाच समज झाला. सोर्बारा गावच्या परिसरात चोख, कोरडी लांब्रुस्को करणाऱ्यालाही तो डाग लागला. इटलीने १९६३ सालीच गावाच्या नावाला कायद्याचे कुंपण घातले होते. बार्दोलिनोला ते १९६८ साली मिळाले, सोर्बाराच्या लांब्रुस्कोला १९७० साली. तरीही १९८६ साली काही भेसळखोरांनी स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळले. वीसहून अधिक माणसे मेली, निर्यात कोसळली. पाप मोजक्यांचे, दंड मात्र प्रामाणिक द्राक्षवाल्यांना! १९९२ साली नवा कायदा करून कुंपण घट्ट करावे लागले.

आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कागद आला, आनंद आहे. पण त्या नावाची पिशवी कोण भरतो? भाव कोण ठरवतो? खोटा माल कोण पकडतो? कापसाचे तर याहून वाईट. गाठ बांधली की गावाचे नावच पुसले जाते.

नाव आपले, माल आपला, तर बाटली भरणारा आणि भेसळ पकडणारा हातही आपलाच हवा. तो नसेल तर आपल्या नावावर दुसराच जेवेल. जिल्ह्याच्या बैठकीत हे तीन प्रश्न मांडा आणि उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.