बाळाचे दिवस भरलेत का?

मुलांनो, तुमच्या ओळखीत कुणी सातमाशी आहे का? आजीला विचारा, ती लगेच सांगेल. नऊ महिने पुरे व्हायच्या आधीच जे बाळ जन्माला येतं, त्याचे 'दिवस भरले नव्हते' असं आपण म्हणतो. डॉक्टरांच्या हिशेबात पुरे दिवस म्हणजे साधारण ४० आठवडे. ३७ आठवड्यांच्या आधी आलं, तर ते बाळ अपुऱ्या दिवसांचं.

आता एक कोडं घालते. दोन बाळं आहेत. दोघांचंही वजन २ किलो. एक आलं ३३व्या आठवड्यात, दुसरं ३९व्या. वजनकाट्यावर दोघं सारखीच! मग त्यातलं कच्चं कोण, हे कसं ओळखायचं?

आईने सांगितलेल्या तारखा आणि सोनोग्राफी यांवरून हिशेब लागतो. शिवाय डॉक्टर बाळाच्या अंगावरच्या खुणा बघतात. कच्च्या बाळाचे तळपाय गुळगुळीत असतात, रेघा फारच कमी. त्याच्या कानाचं वरचं टोक दुमडलं, तर ते चटकन सरळ होत नाही. तुम्ही स्वतःच्या कानाचं टोक दुमडून सोडा बघू. झालं ना सरळ?

या झाल्या बाहेरच्या खुणा. एक खूण रक्तातही असते, बरं का! आपल्या शरीरात काही प्रथिनं पेशींना निरोप देतात, 'वाढा, तयार व्हा.' त्यांना ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढ-घटक म्हणतात. ते सापडले त्याची गोष्ट मजेदार आहे. अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन नावाचे शास्त्रज्ञ होते. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क त्यांनी उंदराच्या नवजात पिल्लांना टोचला. पिल्लांचे डोळे एरवी १२ ते १४ दिवसांनी उघडतात. ते ७व्या दिवशीच उघडले! अर्कातला जो घटक ही घाई करत होता, तो त्यांनी शोधून काढला. या वाढ-घटकांच्या शोधासाठी कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

माणसाच्या बाळात असाच एक महत्त्वाचा वाढ-घटक असतो, आयजीएफ-१. नाळेतल्या रक्तात तो मोजला, तर पुऱ्या दिवसांच्या बाळात जास्त आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात कमी भरतो. पण थांबा, आपलं कोडं एवढ्यानं सुटत नाही हं! दिवस भरले, पण पोटात नीट पोसलं गेलं नाही, अशा बाळातही तो कमीच असतो. म्हणून हा आकडा आठवड्यांच्या हिशेबाबरोबरच वाचावा लागतो. दवाखान्यात प्रत्येक बाळाची ही तपासणी करतही नाहीत.

मग त्याचा उपयोग काय? डोळ्यांसाठी! डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल असतं. त्यातल्या रक्तवाहिन्या मधून कडेपर्यंत वाढत जातात आणि दिवस भरत येतात तेव्हा कडेला पोहोचतात. बाळ लवकर जन्मलं, की आईकडून वारेतून येणारं पोषण तुटतं, आयजीएफ-१ उतरतो आणि ही वाढ अडते. पुढे तिथे वेड्यावाकड्या वाहिन्या फुटू शकतात. त्यांनी दृष्टिपटल ओढलं गेलं, तर बाळाची दृष्टी जाऊ शकते. ज्या बाळांत हा घटक कमी राहतो त्यांना हा धोका अधिक, हे स्वीडन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २००१ साली दाखवून दिलं. गरजेपेक्षा जास्त प्राणवायू दिला गेला, तरीही हा धोका वाढतो.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. असे डोळे बाहेरून अगदी छान दिसतात आणि बाळाला तर सांगता येत नाही. म्हणून ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचं दृष्टिपटल ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं असतं. फारच लवकर आलेल्या बाळाचं त्याहूनही आधी. वेळेवर कळलं, तर लेसरसारख्या उपचारांनी दृष्टी वाचवता येते. काचेच्या पेटीतून बाळ घरी आलं, की बारशाच्या गडबडीत हे राहून जातं.

आणि मुलांनो, घरी, शेजारी असं पाहुणं आलं, तर मोठ्यांना तुम्हीच विचारा, 'बाळाचे डोळे दाखवले का?' विचाराल ना?