मनगटातला न सापडणारा स्नायू : आजार की वेगळेपण?

अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखे काही वर येते का? अनेक जण तिला 'शीर' म्हणतात, पण ती पामारिस लाँगस या स्नायूची कंडरा आहे. काहींना ती दिसतच नाही, कारण त्यांच्या हातात हा स्नायू जन्मतःच नसतो. पाठ्यपुस्तकांनुसार असे लोक साधारण १५ टक्के. भारतीय पाहण्यांत आकडा कमी-जास्त येतो. कुणाच्या एका हातात तो असतो, दुसऱ्यात नसतो.

नसेल तर काळजी नको. कापूस वेचायला, कणीक मळायला, अगदी मल्लखांबावर पकड घ्यायलाही बाकीचे स्नायू पुरेसे आहेत.

मग याचे महत्त्व काय? विळ्याने किंवा कडबाकुट्टीत बोटाची कंडरा तुटली, तर कधी कधी ती जोडायला सर्जन हीच कंडरा काढून वापरतात. तिच्याच खाली मीडियन नर्व्ह असते. कंडरा नसताना या नर्व्हलाच कंडरा समजून कापल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. म्हणून ऑपरेशनआधी वरची साधी चाचणी व्हायलाच हवी, आणि 'डॉक्टर, कंडरा कुठून घेणार?' हे तुम्ही बिनधास्त विचारा.

काहींमध्ये हा स्नायू उलटा असतो. त्याचा मांसल भाग मनगटाजवळ येतो. तो गाठीसारखा भासतो आणि फार काम केल्यावर नर्व्ह दाबून मुंग्या आणू शकतो. सोनोग्राफीत तो ओळखता येतो.

माझे स्पष्ट मत असे : रिपोर्टात 'व्हेरिएशन' लिहून पेशंटला धास्तावलेल्या मनाने घरी पाठवणे योग्य नाही. त्याचा अर्थ दोन वाक्यांत समजावणे हे आम्हा डॉक्टरांचे काम आहे. तुम्हीही एकच प्रश्न विचारा : 'माझ्या त्रासाचा याच्याशी संबंध आहे का?' नसेल, तर फाइलमध्ये नोंद ठेवा आणि विसरा. वेगळेपण दिसले म्हणून ऑपरेशन करायचे नसते.

हाताला मुंग्या येण्यामागे बहुतेकदा कार्पल टनेल, मधुमेह, थायरॉइड, बी-१२ची कमतरता किंवा मानेचा त्रास असतो. आधी ते तपासा. रात्री मुंग्यांनी झोपमोड होत असेल, वस्तू हातातून निसटत असेल किंवा अंगठ्याचा उंचवटा बारीक होत असेल, तर मात्र दिवस घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.