कपाट आधी भिंतीला बांधा

आपल्या करकंबच्या जुन्या घरांत फडताळं, कोनाडे भिंतीतच असत. पडायचा प्रश्नच नव्हता. आताची कपाटं नुसती टेकवून ठेवतात. मूल उघड्या खणांवर पायरीसारखं चढतं, वजन पुढे येतं आणि कपाट अंगावर कोसळतं. अमेरिकेत अशी मुलं दगावल्यावर २०१६ मध्ये आयकियाला खणांची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवावी लागली. २०२२ मध्ये कायदाही झाला.

आपण कायद्याची वाट कशाला पाहायची? सुताराकडून वरच्या बाजूला दोन अँगल स्क्रूने भिंतीत बसवून घ्या. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही; तिथे बुटकं, रुंद कपाटच बरं. जड वस्तू खाली ठेवा. मुलाचं आवडतं खेळणं वर ठेवूच नका. शोभा नंतर, आधी जीव!