नाच पाहा, माणूसही पाहा

यंदा आपल्या शाळेने एक छोटा माहितीपट तयार करावा, असे मला वाटते. विषय दूरचा नाही. मंगरूळपीरच्या आसपास बंजारा समाजाचे तांडे आहेत. होळी जवळ आली की तेथे डफाच्या तालावर लेंगी गीते सुरू होतात. स्त्री-पुरुष फेर धरून नाचतात. या नाचावरच आपला माहितीपट असावा.

कोणी म्हणेल, "हा नाच तर चित्रपटातही दिसतो. त्यात नवीन ते काय?" अडचण नेमकी तेथेच आहे. चित्रपटातील बंजारन रंगीत घागरा घालून येते, नाचते आणि निघून जाते. तिला घर नसते, काम नसते, इतिहासही नसतो. ते पाहून आपण समजतो की, हे लोक बेफिकीर, नाचगाण्यात रमणारे!

खरी गोष्ट वेगळी आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून बंजारे दूरदूर व्यापार करीत. रेल्वे आली आणि हा धंदा बसला. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून कित्येक जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरविले. काही भागांत बंजाऱ्यांवरही हा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. याच समाजातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. आपल्याच जिल्ह्यातील पोहरादेवी येथे २०२४ मध्ये या समाजाचे संग्रहालय सुरू झाले.

"पण उर्दू शाळेचा या नाचाशी काय संबंध?" असाही प्रश्न येईल. चित्रपटात आपल्या समाजाचे ठरावीक चित्र दिसले की आपल्याला वाईट वाटते. मग शेजाऱ्याचे ठरावीक चित्र आपण खरे का मानावे? शिवाय आपल्या घरी उर्दू, तांड्यात गोरमाटी. दोघांना जोडणारी भाषा मराठी. पुस्तकात शिकलेली मराठी येथे खरोखर कामी येईल.

मात्र काही नियम पाळावेत. आधी तांड्याच्या नायकांची आणि नाचणाऱ्यांची परवानगी घ्यावी. लपून चित्रण करू नये. फेटिया आणि काचळीवरचे आरसे कोणी टाकले, गीताचा अर्थ काय, होळी संपल्यावर ही मंडळी कोणत्या कामाला जातात, हे त्यांनाच विचारावे. आपण कमी बोलावे, त्यांना बोलू द्यावे. माहितीपट तयार झाला की तो प्रथम तांड्यात दाखवावा. त्यांना जे खोटे वाटेल, ते काढून टाकावे.

नाच क्षणभर डोळ्यांना सुखावतो. नाचणाऱ्याची ओळख झाली, तर शेजार जुळतो.