कारण हवे की आरोपी हवा?



विज्ञानाने तपासून खोटी ठरविलेली गोष्ट माणसे खरी कशी मानतात, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका शब्दात दिले जाते : अज्ञान. हे उत्तर मोठे सोयीचे आहे, कारण ते देणारा आपोआप ज्ञानी ठरतो. परंतु ते पुराव्याला उतरत नाही. म्हणून एक परदेशी प्रकरण आज आपणापुढे मांडतो. ते दूरचे असले तरी त्याची कागदपत्रे उघड झाली आहेत, साक्षी नोंदल्या गेल्या आहेत व निकालही लागले आहेत.

२८ फेब्रुवारी १९९८ रोजी इंग्लंडमधील 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात डॉ. अँड्र्यू वेकफील्ड व त्यांचे बारा सहकारी यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात तपासलेल्या १२ मुलांची ती हकीकत होती. ज्या अवस्थेत मूल बोलणे, नजरेला नजर देणे, माणसांत मिसळणे यांपासून दूर राहते, तिला स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतात. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तीन रोगांवरील एकत्रित लस टोचल्यानंतर ही लक्षणे सुरू झाली, असे त्यांपैकी आठ मुलांच्या बाबतीत पालकांचे वा डॉक्टरांचे म्हणणे होते. लसीचा संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही, असे त्या लेखातच नमूद होते. परंतु वार्ताहरांपुढे वेकफील्ड यांनी एकत्रित लसीऐवजी सुट्या लसी द्याव्यात अशी शिफारस केली, आणि बातमी लेखाला मागे टाकून पुढे धावली.

इंग्लंडमध्ये ही लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण शेकडा सुमारे ९२ होते, ते २००३-०४ पर्यंत शेकडा ८० वर घसरले. गोवर आवरण्यास शेकडा ९५ मुलांचे लसीकरण लागते. ज्यांची लस त्या काळात चुकली ती मुले मोठी झाली, आणि २०१२-१३ मध्ये वेल्समधील स्वॉन्सी भागात गोवराची मोठी साथ उसळली. सुमारे १,२०० रुग्णांची नोंद झाली व एक तरुण दगावला.

आता, हे पालक अडाणी होते काय? नव्हते. उलट सुशिक्षित पालकांतच लस टाळण्याचे प्रमाण अधिक वाढले. वर्तमानपत्रे वाचणारे, डॉक्टरला प्रश्न विचारणारे असे ते लोक होते. गोवराने मेलेले मूल मात्र त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले होते. लसीने रोग दृष्टीआड केला, आणि मग दृष्टीपुढे उरली ती केवळ सुई.

त्या आईच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. ही लस तेथे त्या काळी साधारण १३ व्या महिन्याच्या सुमारास टोचत असत. स्वमग्नतेची लक्षणे घरच्यांच्या ध्यानात येतात ती बहुधा दुसऱ्या वर्षातच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तशी ही गाठ हजारो घरांत पडणारच. फांदी आतून कशी जून झाली होती हे आईला दिसलेले नसते. कावळा बसलेला तेवढा तिने डोळ्यांनी पाहिलेला असतो.

येथे माझ्या धंद्यातील एक अनुभव सांगणे प्राप्त आहे. अशील वकिलाकडे येतो तेव्हा तो घटनेचे कारण विचारावयास येत नाही. आरोपीचे नाव तो घरूनच घेऊन येतो. विहीर खचली तर शेजाऱ्याने खचविली, मूल आजारी पडले तर कोणी तरी काही तरी केले. दुःखाचा पहिला प्रश्न "हे कोणी केले?" हा असतो; "हे कसे झाले?" हा प्रश्न फार उशिरा येतो, कित्येकदा येतच नाही. विज्ञानापाशी उत्तर असते ते दुसऱ्या प्रश्नाचे, आणि तेही पुष्कळदा अपुरे. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, बाकीचे पूर्णपणे उलगडलेले नाही, असे प्रामाणिक डॉक्टर सांगतो. खोटा सिद्धांत मात्र पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देतो, तत्काळ देतो, आणि आरोपीचे नाव, पत्ता, कारखाना यांसह देतो.

या आयांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट होती. लिओ कॅनर यांनी १९४३ साली या विकाराचे वर्णन केले, आणि त्यानंतर काही काळ वैद्यकशास्त्रातील मान्यवर मंडळीच असे सांगत होती की, आईच्या थंडपणामुळे मूल असे होते. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात हेच मत जोराने मांडले. ते मत निराधार ठरले. पण तोवर किती घरांत किती स्त्रियांनी स्वतःला गुन्हेगार मानले असेल! ज्या शास्त्राने कालपर्यंत आईलाच पिंजऱ्यात उभे केले होते, ते आज "आरोपी कोणीच नाही" असे सांगू लागले, तर तिने ते मुकाट्याने ऐकावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? तिचे सर्व म्हणणे बसून ऐकून घेणारा पहिला डॉक्टर जर वेकफील्ड असेल, तर तिने विश्वास कोणावर ठेवावा?

सरकारच्या शब्दालाही तेथे किंमत उरली नव्हती. वेड्या झालेल्या गाईंच्या रोगाची भीती पसरली तेव्हा, १९९० साली, कृषिमंत्री जॉन गमर यांनी छायाचित्रकारांसमोर आपल्या लहान मुलीपुढे गोमांसाचा बर्गर धरला होता. आणि मार्च १९९६ मध्ये त्याच सरकारला पार्लमेंटात कबूल करावे लागले की, तो रोग माणसापर्यंत पोहोचला असण्याचा संभव आहे. खुद्द या एकत्रित लसीचे दोन प्रकार १९९२ साली मागे घ्यावे लागले होते, कारण त्यांतील गालगुंडाच्या घटकामुळे काही मुलांना मेंदूच्या आवरणाची सौम्य सूज येत होती. पुढे २००१ साली पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना आपल्या तान्ह्या मुलाला ही लस दिली काय असे विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर देण्याचे नाकारले. लोकांनी त्या मौनाचा जो अर्थ लावावयाचा तो लावला.

अविश्वासाला आधार होता, हे म्हणून मान्य केले पाहिजे. पण अविश्वासाला आधार असणे निराळे आणि आरोपाला पुरावा असणे निराळे. येथेच पालकांची फसगत झाली, आणि सांगावयास लाज वाटते, त्या फसगतीत आमच्या व्यवसायाचा हात होता. 'संडे टाइम्स'चे पत्रकार ब्रायन डीअर यांनी २००४ पासून हे प्रकरण खणून काढले. लस बनविणाऱ्यांवर दावा लावू पाहणाऱ्या एका सॉलिसिटरने वेकफील्ड यांना १९९६ मध्येच नेमले होते. अभ्यासातील काही मुले त्याच दाव्यातील होती. आणि गरिबांना न्याय मिळावा म्हणून ठेवलेल्या सरकारी कायदेविषयक निधीतून वेकफील्ड यांना एकूण ४,३५,००० पौंडांहून अधिक फी मिळाली. जून १९९७ मध्ये त्यांनी गोवराच्या एका वेगळ्या लसीसाठी पेटंटचा अर्जही केला होता. ज्या बारा मुलांना लेखात 'पूर्वी निरोगी' म्हटले होते, त्यांतील पाच जणांच्या वाढीविषयी लसीपूर्वीच शंका नोंदलेल्या होत्या. २ फेब्रुवारी २०१० रोजी 'लॅन्सेट'ने तो लेख रद्द केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात जनरल मेडिकल कौन्सिलने वेकफील्ड यांचे नाव डॉक्टरांच्या पटावरून काढून टाकले.

अमेरिकेत तर हा प्रश्न प्रत्यक्ष न्यायासनापुढे गेला. सुमारे ५,००० कुटुंबांचे दावे होते. त्यांतील नमुन्याचे तीन दावे निवडून साक्षीपुरावे झाले व १२ फेब्रुवारी २००९ रोजी तिन्ही फेटाळले गेले. एका दाव्यात घरच्यांनी हौसेने काढलेले मुलीच्या बालपणीचे चलच्चित्र पुराव्यात आले होते. लस टोचण्यापूर्वी मूल कसे होते हे त्यात दिसत होते. तज्ज्ञाने ते पाहून साक्ष दिली की, विकाराची चिन्हे त्या चित्रात आधीपासूनच आहेत. मी अनेक उलटतपासण्या पाहिल्या आहेत. परंतु आईबापांनी प्रेमाने जपलेल्या आठवणीने त्यांच्याच फिर्यादीविरुद्ध साक्ष द्यावी, याहून कठोर प्रसंग मला ठाऊक नाही. डेन्मार्कमध्ये २०१९ साली ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासून पाहिल्या गेल्या. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता अधिक आढळली नाही.

तरीही पुष्कळ पालक आपल्या मतावर कायम राहिले. त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. तो आरोप सोडून द्यावयाचा म्हणजे आरोपी गमवावयाचा, वर्षानुवर्षे ज्यांच्याबरोबर लढलो ती माणसे गमवावयाची, आणि रात्री पुन्हा स्वतःलाच विचारीत बसावयाचे की, माझेच काय चुकले? तीन निकाल आणि साडेसहा लाख नोंदी यांपुढे हे पारडे हलके नसते.

आता आपल्याकडे वळू या. पोलिओच्या थेंबांनी, गोवर-रुबेलाच्या सुईने मुलांना पुढे वंध्यत्व येते, ही अफवा या देशात अनेक ठिकाणी पसरली. ती खोटी आहे. पण तिने नेमके वंध्यत्वच का निवडले? आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात सुमारे ८२ लाख नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत जबरदस्ती कोणावर झाली, हे गरीब वस्त्यांना सांगावयास नको. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही, एवढेच. ज्या वस्तीने सरकारची जीप पाहून पुरुष रानात पळताना पाहिले, त्या वस्तीला "तुम्ही अंधश्रद्धाळू आहात" असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याने आधी आपल्या कचेरीचे जुने दप्तर उघडावे.

परंतु आपण त्या अफवेपाशी थांबू नये. शास्त्राच्या नावावर आपल्यावर जे लादले गेले त्याचा प्रतिवाद कसा करावा, याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१ च्या सुमारास नाकाच्या मापावरून जातींचा उच्चनीच क्रम वंशात असल्याचे प्रतिपादन केले होते. १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा ग्रंथ लिहिताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काय केले? 'हे साहेबांचे शास्त्र, ते आम्हांस नको' असे म्हणून ते मोकळे झाले नाहीत. त्यांनी मापांचे ते कोष्टकच हाती घेतले, प्रांतवार लावले, आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांचे वंश भिन्न नाहीत हे त्याच आकड्यांवरून दाखविले. नाकाच्या मापावरून वंश ठरविण्याचे ते शास्त्र पुढे जगानेच टाकून दिले. अविश्वास बाबासाहेबांनाही होता, आणि तो कोणाहून कमी नव्हता. पण त्या अविश्वासाने त्यांना आकड्यांपासून पळविले नाही, आकड्यांजवळ नेले.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराने बालके दगावली. कोरोनाच्या काळात लसीकरण खंडित झाले होते, त्यात कुपोषण आणि दाटीची वस्ती. आपल्या वस्तीत परिचारिका वा आशा कार्यकर्ती येईल तेव्हा तिला दारातून परत पाठवू नका, आणि मान खाली घालून मूलही पुढे करू नका. लस कोणती, कशासाठी, ताप आला तर काय करावे, हे विचारा. तो आपला अधिकार आहे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, या दोन्ही नोंदी कार्डावर तारखेसह लिहून घ्या. लसीनंतर मुलाला गंभीर त्रास झालाच, तर आरोग्य केंद्रात त्याची लेखी नोंद करावयास लावा व चौकशी मागा. अशा चौकशीची व्यवस्था देशात आहे. आणि ते कार्ड घराच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवा.