घरचा प्लेअर अडतो तेव्हा

पर्युषण जवळ आले की म्हसावदसारख्या गावातील व्यापारी घरांत कपाटाच्या वरच्या खणातील तबकड्या खाली उतरतात. आजींच्या वर्षीतपाच्या पारण्याचे चित्रीकरण, एखाद्या दीक्षेचा वरघोडा, आज हयात नसलेल्या आजोबांच्या आवाजातील स्तवन. तबकडी प्लेअरमध्ये घालावी आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ अशी अक्षरे उमटावीत, याहून मोठा हिरमोड तो कोणता! मग तबकडी गेली असे समजून ती टाकूनही दिली जाते. ही घाई करू नये.

दोष कोणाचा, हे आधी ठरवावे. बाजारातून विकत आणलेली दुसरी तबकडी नीट चालली, तर प्लेअर बहुधा निर्दोष असतो. एकही चालत नसेल, तर लेझरच्या भिंगावर धूळ बसली असण्याचा संभव अधिक. दुकानाला लागून घर असले की धान्याची बारीक धूळ कोठेही शिरते. झाकण उघडण्यापूर्वी वायर भिंतीतून काढावी, आणि उबेला आलेले जीव आत नाहीत ना, हे जयणापूर्वक पाहावे. पूंजणीसारखे मऊ साधन येथे उपयोगी पडते. भिंग मात्र जाणत्या कारागिराकडूनच पुसून घ्यावे.

तबकडी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल कधीही नाही. माहिती वर्तुळाकार मार्गावर नोंदलेली असते. आडवा ओरखडा यंत्र बहुधा सावरून घेते, त्या मार्गाला धरून गेलेला ओरखडा त्याला जड जातो. सीडीच्या नाव लिहिण्याच्या बाजूवर बॉलपेन चालवणे तर घातकच, कारण चकाकणारा थर त्या बाजूच्या पातळ लेपाखालीच असतो. घरी नोंदविलेल्या तबकड्यांतील रंगद्रव्य उन्हाने खराब होते. काही वेळा तर नोंद करणाऱ्याने शेवटची ‘फायनलाइज’ ही क्रियाच केलेली नसते. अशी डीव्हीडी अन्य प्लेअरवर बहुधा चालत नाही.

पेनड्राइव्हचे दुखणे निराळे. जुने प्लेअर पुष्कळदा फॅट ३२ हीच मांडणी ओळखतात आणि तीत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. आवाज येतो पण चित्र नाही, तर चित्रीकरण एच. २६५ पद्धतीचे असावे. ही पद्धत २०१३ मधील असल्याने त्यापूर्वीच्या यंत्रांना ती उमगत नाही. पोर्टेबल हार्ड डिस्क नुसतीच टकटक करीत असेल, तर तिला वीज अपुरी पडत असावी; यूएसबी २.० चे तोंड ५०० मिलिअँपिअरच देण्यास बांधलेले असते.

खरा प्रश्न एकुलत्या एका प्रतीचा. व्यापारी मनुष्य वहीची नक्कल ठेवतो, पण आजोबांच्या आवाजाची ठेवीत नाही, हे नवलच. प्लेअर नाकारतो ती तबकडी संगणकाचा ड्राइव्ह पुष्कळदा वाचतो. व्हीसीडी असेल तर ‘एमपीईजीएव्ही’ या फोल्डरमधील ‘डॅट’ फाइल संगणकावर उतरवून घ्यावी. व्हीएलसी ती दाखविते. एक प्रत घरी ठेवावी, दुसरी विवाहित कन्येच्या घरी द्यावी, आणि मूळ तबकडी खोक्यात उभी ठेवावी.